कृष्णाकाठचीं मुकीं चित्रें

१९१७ सालच्या जानेवारी महिन्यांत अमेरिकेंतील कॅन्सस सिटी शहरीं एका प्रचंड सभागृहांत, वर्तमानपत्रें विकणाऱ्या मुलांकरितां, एक चित्रपट फुकट दाखविण्यांत आला. चित्रपट मुका होता. नांव ‘स्नो व्हाइट’. म्हणजे आपल्या घरांतील मुलींना पाठ असलेली हिमगौरीचीच गोष्ट. सभागृह इतकें विस्तीर्ण होतें कीं एक पडदा पुरेना, म्हणून चार पडदे उभारून एकाच वेळीं चोहोंवर तें चित्र चालविलें. त्या दाटींत पंधरा वर्षांचा एक मुलगा बसला होता. पहांटे उठून घरोघर वर्तमानपत्रें टाकण्याचें काम त्याच्याकडे असे. त्याचें नांव वॉल्ट डिस्ने. पुढें वीस वर्षांनीं, १९३७ च्या डिसेंबरांत, याच गृहस्थानें हिमगौरीची गोष्ट पुन्हां पडद्यावर आणिली. पण या खेपेस हाडामांसाची नटी नव्हती, सगळी सृष्टि हातानें रेखाटलेली होती. जगांत इतक्या गोष्टी असतां हीच कां निवडली, याचें कारण सांगतांना तो त्या मुक्या चित्रपटाची आठवण काढी.

ही हकीकत आम्हीं एके रात्रीं जेवणें झाल्यावर घरांतील मुलांना सांगितली, तेव्हां त्यांतील एकानें लगेच विचारलें, “मग आपल्याकडे असा मुलगा कोण झाला?” प्रश्न लहानाचा, पण वडीलधाऱ्यांस विचारांत पाडणारा होता. निर्जीव वस्तूंस पडद्यावर चालविण्याची करामत आपल्याकडे प्रथम केली ती दादासाहेब फाळके यांनीं. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालीं निघाला; त्यापूर्वीं, १९१२ सालीं, त्यांनीं कुंडींत वाटाण्याचा दाणा पेरला आणि पुढें कॅमेरा ठेवून त्याच्या वाढीचीं चित्रें दिवसामागून दिवस घेतलीं. तीं सलग चालवितांच मातींतून कोंब निघून वेल सरसर वर चढतांना दिसूं लागला. १९१५ च्या सुमारास त्यांनीं ‘आगकाड्यांची मौज’ हें छोटें चित्र केलें. त्यांत नट नाहीं, नटी नाहीं. आगपेटींतील काड्याच काय त्या हालतात. एमिल कोल या फ्रेंच कलावंतानें असा प्रयोग १९०८ सालीं केला होता. युक्ति ऐकावयास सोपी आहे. काडी मांडावी, एक चित्र घ्यावें. काडी केसभर सरकवावी, दुसरें चित्र घ्यावें. अशीं शेंकडों चित्रें झालीं म्हणजे पडद्यावर काडी आपण होऊन चालूं लागते.

पण युक्ति हातास येण्यापूर्वीं मन तयार व्हावें लागतें. काडींत जीव आहे असें ज्याला आधीं वाटलें, तोच ती सरकविण्याची खटपट करील. हें वाटणें आपल्या मुलखांत कशाकशावर पोसलें तें पाहावें, म्हणून आम्हीं साताऱ्याहून सांगलीस जाण्याचा बेत केला. फाळके त्र्यंबकेश्वरचे, त्यांचा मुलूख गोदावरीचा, हें आम्हांस ठाऊक आहे. तरी कृष्णेकडची वाट धरली. कारण मुक्या चित्रांची ही शाळा या दोन जिल्ह्यांत एका रस्त्यावर जशी ओळीनें सांपडते तशी दुसरीकडे क्वचितच सांपडेल. सांगलीस जाणारा सरळ मार्ग कऱ्हाडावरून आहे. आम्हीं मुद्दाम पूर्वेकडची वांकडी वाट घेतली.

साताऱ्यास आम्ही दिवाळीच्या सुटींत पोंचलों. अजिंक्यतारा गांवाच्या डोक्यावरच बसलेला आहे. त्यामुळें येथील मुलांना किल्ला पाहावयास पुस्तक उघडावें लागत नाहीं. अंगणाअंगणांत मातीचे किल्ले उभे राहिले होते. उतारावर हळीव पेरून हिरवळ उगवली होती, पायथ्याशीं आरशाच्या तुकड्याचें तळें होतें, आणि बुरुजाबुरुजांवर बाजारांतून आणलेले मातीचे मावळे पहारा करीत होते. एका अंगणांत सात-आठ वर्षांचा मुलगा एकटाच खेळत होता. तो एका मावळ्यास कड्यावर चढवीत होता. बोटभर चढवी, हात काढून घेई, मान मागें घेऊन पाही. पुन्हां बोटभर चढवी. तोंडानें घोरपडीच्या नखांचा आवाज काढणें चालूंच होतें. त्यास आम्हीं फाळक्यांच्या काड्यांची गोष्ट सांगितली असती तर त्याला तींत कांहींच नवल वाटलें नसतें.

तो जो प्रसंग खेळत होता तो सिंहगडचा. जावळींतील गोडवली हें तानाजीचें गांव असें या भागांत सांगतात. तेव्हां ही गोष्ट येथें घरचीच आहे. ‘सिंहगड’ याच नांवाचा मुका चित्रपट बाबूराव पेंटर यांनीं कोल्हापुरास १९२३ सालीं केला. कथा हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरून घेतली होती. रात्रीच्या चढाईचें दृश्य सूर्यप्रकाशांत घेऊन कसें चालेल? म्हणून बाबूरावांनीं त्यासाठीं विजेचे दिवे वापरले. आपल्याकडील चित्रपटांत कृत्रिम प्रकाशाचा उपयोग करणारांत ते अगदीं पहिले. शेलारमामाचें काम शांताराम वणकुद्रे या तरुणानें केलें. पुढें सर्व देशानें त्यास व्ही. शांताराम म्हणून ओळखलें. पडद्यावर मावळे ‘हर हर महादेव’ म्हणत तेव्हां पडदा मुकाच असे. आरोळी ठोकण्याचें काम प्रेक्षकांकडे होतें, आणि तें काम मुलांइतकें मनापासून कोण करणार?

मुक्या चित्रपटाचें मर्म आम्हांस येथेंच दिसतें. तो अर्धें सांगतो आणि अर्धें पाहणाऱ्यावर सोंपवितो. आवाज नाहीं, रंग नाहीं. मधूनमधून पांढऱ्या अक्षरांच्या पाट्या येतात, त्याही भराभर निघून जातात. बाजूस पेटी-तबला वाजे, कोठें कोठें एखादा माणूस उभा राहून पाट्या मोठ्यानें वाचून दाखवी. बाकीचें सर्व ज्याचें त्यानें पुरें करावयाचें. भीमाचा आवाज कसा असेल, सैरंध्रीच्या शालूचा रंग कोणता, वारा कोणत्या बाजूनें येतो, हें प्रत्येक मूल आपल्या मनानें ठरवी. आणि जें आपण ठरविलें तें आपलें होतें. एका तंबूंत दोनशें मुलें बसलीं तर दोनशें निरनिराळे चित्रपट तयार होऊन घरोघर जात असत.

साताऱ्याहून पूर्वेकडे निघालें म्हणजे थोड्याच वेळांत कोरेगांव लागतें. घेवड्याच्या पिकासाठीं हें नांव बाजारांत प्रसिद्ध आहे. पण आमच्या कामाचें कोरेगांव निराळें होतें. कादंबरीकार नारायण हरि आपटे (१८८९–१९७१) यांचें वास्तव्य येथें होतें. त्यांचा जन्म सांगलीजवळच्या समडोळीचा. म्हणजे आमच्या प्रवासाचीं दोन्हीं टोकें या एका माणसानें जोडलेलीं आहेत. यांचीच कथा घेऊन बाबूराव पेंटरांनीं १९२५ सालीं ‘सावकारी पाश’ केला. त्यांत देव नाहींत, राक्षस नाहींत, चमत्कार नाहीं. कर्जापायीं जमीन गमावून शहरांतील गिरणीची वाट धरणारा एक शेतकरी आहे, आणि तें काम शांतारामांनींच केलें. हा चित्रपट कोरेगांवच्या शिवारांतून चालतांना जसा समजतो तसा घरांत बसून समजत नाहीं. बांधावर उभे राहून विहिरीकडे पाहणारे शेतकरी वाटेंत पुष्कळ दिसले. त्यांच्या चेहऱ्यांवर पाटी लावण्याची आवश्यकता नव्हती.

याच आपट्यांच्या कादंबऱ्यांवरून पुढें प्रभात कंपनीनें ‘अमृतमंथन’ (१९३४) आणि ‘कुंकू’ (१९३७) हे बोलपट काढिले. आणि त्याच १९३४ सालीं प्रभातनें ‘जंबूकाका’ नांवाचें एक कार्टून चित्रही केलें. एकेक हालचाल कागदावर रेखाटून कोल्ह्याला पडद्यावर चालविण्याची उमेद आपल्या लोकांस इतक्या लवकर झाली, ही गोष्ट आपल्या मुलांना सहसा कोणी सांगत नाहीं. प्रभातचे शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर हे सगळे बाबूराव पेंटरांच्या मुक्या चित्रांच्या कारखान्यांत तयार झालेले. कोल्ह्याला चालविणारी कंपनी मुक्या चित्रांच्या पोटींच जन्मली होती.

कोरेगांवच्या पुढें पुसेगांव. येथें सेवागिरी महाराजांची यात्रा मार्गशीर्षांत भरते. आम्ही गेलों तेव्हां यात्रेस अवकाश होता, मैदान रिकामें पडलें होतें; एका बाजूस बैल बांधण्याचे खुंट तेवढे दिसत होते. परंतु अशाच जत्रांच्या मैदानांवर तंबूंतील सिनेमा वाढला. चित्रपटगृहें मोठ्या गांवांत झालीं. खेड्यापाड्यांतील मुलांस चित्रपट भेटला तो जत्रेंत, कापडी तंबूखालीं, जमिनीवर बसून. मूकपटांच्या दिवसांत यंत्र बैलगाडींतून येई व हातानें फिरवावें लागे. सेकंदास सोळाच्या आसपास चित्रें पुढें सरकत. फिरविणाऱ्याचा हात थकला म्हणजे पडद्यावरचा मारुतिही सावकाश उडे. कित्येक तंबूंत पडदा मध्यें टांगून दोन्ही बाजूंस माणसें बसवीत. पलीकडच्या बाजूस बसणारांना पाट्या उलट्या दिसत आणि रामचंद्र डाव्या हातानें बाण सोडी. तेथें बसलेल्या मुलांची मौज कमी झाली असेल असें आम्हांस वाटत नाहीं. उलट एकच चित्र दोन बाजूंनीं दोन प्रकारचें दिसतें, हा मोठा धडा त्यांना पैशा-दोन पैशांत मिळाला. जत्रांत असे तंबू पुढेंही पुष्कळ वर्षें लागत राहिले. आतां मात्र ते फार थोडे उरले आहेत.

पुसेगांवाहून दक्षिणेस वळलें कीं औंध येतें. पंतप्रतिनिधींचें हें लहानसें संस्थान; पण त्याचे अधिपति भवानराव हे स्वतः चित्रकार होते. यमाईच्या डोंगराच्या उतारावर त्यांनीं १९३८ सालीं स्थापिलेलें संग्रहालय आहे. त्यांत राजा रविवर्म्याचीं चित्रें आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची माय-लेंकराची मूर्तिही आहे. रविवर्म्याच्या चित्रांसमोर आम्ही बराच वेळ उभे होतों. फाळक्यांनीं रविवर्म्याच्या छापखान्यांत काम केलें होतें. देवादिकांना माणसासारखे बसावयास व उभे राहावयास या चित्रांनीं शिकविलें. चालावयास तेवढें राहिलें होतें, तें फाळक्यांनीं शिकविलें.

औंधचा दुसरा धडा मात्र भिंतीवर टांगलेला नाहीं. तो कित्येक घरांत आजही पहांटे चाललेला असतो. सूर्यनमस्काराचा प्रसार ज्यांनीं हौसेनें केला त्यांत भवानरावांचें नांव अग्रभागीं आहे. संस्थानच्या शाळांतून मुलांकडून नमस्कार घालवून घेत, आणि त्यांच्या पुस्तकांत नमस्काराच्या एकेका स्थितीचें निरनिराळें छायाचित्र दिलेलें आहे. वाचकांनीं तीं दहा चित्रें क्रमानें भराभर डोळ्यांपुढून न्यावीं: माणूस उभा आहे, वांकला, पाय मागें गेला, कपाळ भूमीस लागलें, पुन्हां उभा राहिला. कार्टून चित्र काढणारा दुसरें काय करितो? चालतें शरीर तो स्थितींत तोडतो, आणि तोडलेल्या स्थिति पुन्हां जोडून त्यास चालवितो. औंधच्या शाळेंतील मुलानें हा अभ्यास कागदावर नव्हे, आपल्या पाठीवर आणि गुडघ्यांवर केला होता.

औंधचें संस्थान तुटक तुटक मुलखांचें होतें. आतांच्या सांगली जिल्ह्यांतील आटपाडी आणि किर्लोस्करवाडीही त्यांतच मोडत. विट्यावरून आम्ही किर्लोस्करवाडीस उतरलों. १९१० सालीं माळावर वसलेल्या या कारखान्याच्या गांवांतून १९२० पासून मासिक निघूं लागलें, आणि त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः व्यंगचित्रें काढीत. नांगराच्या कारखान्याशेजारीं चार रेघांत माणूस हंसविण्याची विद्याही चाललेली होती, ही गोष्ट आम्हांस फार आवडली. घरीं टपालानें मासिक येई तेव्हां मोठीं माणसें लेख वाचीत आणि मुलें आधीं चित्रांवर पडत. त्यांची ती निवड चुकीची होती असें कोण म्हणेल?

तेथून औदुंबर जवळ. दत्ताचें दर्शन घेऊन, कृष्णेच्या घाटावर घटकाभर बसून आम्ही शेजारच्या अंकलखोपास गेलों. हें विष्णुपंत छत्रे यांचें गांव. त्यांनीं १८८० सालीं मुंबईस आपल्या सर्कशीचे खेळ सुरू केले. हिंदी माणसानें उभारलेली ही पहिली सर्कस. याच जिल्ह्यांतून पुढें म्हैसाळच्या देवलांची सर्कस निघाली. सर्कस आणि मुका चित्रपट यांचें नातें जवळचें आहे. झोपाळ्यावरून सुटलेला माणूस दुसऱ्या झोपाळ्याची दांडी धरीपर्यंत तंबूंत कोणी श्वास घेत नाहीं, आणि बोलण्याचा तर प्रश्नच नसतो. शब्दावांचून गोष्ट कशी सांगावी, प्रेक्षकाचा जीव कोठें टांगून ठेवावा, हें या भागांतील मुलांनीं चित्रपट येण्यापूर्वींच तंबूंत पाहिलेलें होतें.

सांगलीस पोंचलों तेव्हां रंगभूमिदिन जवळ आला होता. १८४३ सालच्या नोव्हेंबरच्या ५ तारखेस विष्णुदास भावे यांनीं येथें ‘सीतास्वयंवर’ केलें, म्हणून तो दिवस आपण पाळितों. सांगलीचे अधिपति चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनीं कर्नाटकांतून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहिले आणि तसें कांहीं मराठींत करावें असें भाव्यांस सांगितलें, ही हकीकत बहुतेकांस ठाऊक असते. ठाऊक नसतें तें हें कीं भाव्यांचा हात आधीं बाहुल्यांवर बसलेला होता. हातपाय हालविणाऱ्या लाकडी बाहुल्या त्यांनीं घडविल्या होत्या. त्या बाहुल्या शंभर-सव्वाशें वर्षें टिकल्या, आणि रामदास पाध्ये यांनीं त्यांची डागडुजी करून त्यांचा खेळ पुन्हां लोकांपुढें आणिला. मराठी नाटकाचा जनक बाहुल्या घडविणारा होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे फाळक्यांच्या काड्या आकाशांतून पडल्या नाहींत असें दिसतें. लाकडास जीव आहे, ही समजूत कृष्णाकांठीं आधींपासूनच होती.

बाहुली आणि चित्रपट यांच्यामधली पायरी आम्हांस सांगलींतच, पण अगदीं अनपेक्षित रीतीनें, भेटली. आमचा उतारा आमच्या एका आत्याबाईंच्या वाड्यांत होता. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेचा महापूर शहरांत शिरला तेव्हां या वाड्याच्या खालच्या घरांत पुरुषभर पाणी होतें. तीन पिढ्यांचीं छायाचित्रें ठेवलेली पेटी त्यांत गेली. कागदांचा लगदा झाला. आतां वाडा पाडून इमारत व्हावयाची असल्यामुळें माळा रिकामा करणें चाललें होतें. माळ्यावरून एक पत्र्याचा डबा निघाला. त्यांत कापडांत गुंडाळलेल्या कांचेच्या पट्ट्या होत्या. कांहीं एकमेकींस चिकटलेल्या, कांहीं तडकलेल्या. काकांनीं डबा एकवार उघडून पाहिला आणि भंगारवाल्याच्या ढिगाकडे सरकविला. “काय करायचंय या कांचांचं? हातपाय कापून घेतील मुलं,” असें ते म्हणाले, आणि त्यांच्या म्हणण्यांत काळजी होती, तिरस्कार नव्हता.

त्या होत्या जादूच्या कंदिलाच्या कांचा. चित्रपट येण्यापूर्वीं आपल्याकडे हे खेळ होत. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनीं १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें असे खेळ केले आणि गांवोगांव दाखविले. कांचेवर रंगानें चित्र काढावयाचें, पाठीमागें दिवा ठेवावयाचा, पुढें भिंग, आणि समोर पांढरें कापड. दोन कांचा एकावर एक ठेवून वरची सरकविली म्हणजे चित्र हालत असे. आमच्या डब्यांत अशी एक लाकडी चौकट निघाली. खालच्या कांचेवर निजलेला कुंभकर्ण, आणि वरच्या सरकत्या कांचेवर त्याचा नुसता जबडा. मुलांनीं मोबाईलचा दिवा मागें धरून ती भिंतीवर पाडण्याचा यत्न केला. चित्र अंधुक पडलें, कडा पुसट, रंग उडालेले. एका मुलानें वरची कांच पुढें-मागें केली आणि कुंभकर्णाचा जबडा उघडला व मिटला. त्याच क्षणीं, कोणीं सांगितलें नसतां, सगळ्यांत धाकट्या मुलीनें घोरण्याचा आवाज काढिला. मग सगळ्यांनीं काढिला. स्वयंपाकघरांतून बायका बाहेर आल्या. काकाही उभे राहिले, आणि थोड्या वेळानें म्हणाले, “अरे, जरा हळू सरकवा. कुंभकर्ण एवढ्या घाईनं श्वास घेत नसतो.”

ज्या घरांत हातांत मावेल एवढ्या पडद्यावर रात्रंदिवस बोलतीं, गातीं, रंगीत चित्रें चालतात, त्याच घरांतील हीं मुलें. त्या चित्रांकडे तीं मुकाट्यानें पाहतात. चित्र सर्व बोलतें, मुलांस बोलावयास जागाच उरत नाहीं. येथें चित्र मुकें होतें, म्हणून मुलें बोललीं. नव्या चित्रांचा द्वेष करावा असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. त्यांतही कित्येक उत्तम आहेत. परंतु ज्या ताटांत सर्व पदार्थ कालवूनच वाढलेले असतात, त्या ताटावर बसून मुलाचा हात कालवावयास कधीं शिकत नाहीं, एवढें खरें.

डबा भंगारांत गेला नाहीं. आत्याबाईंनीं एकेक कांच कोरड्या फडक्यानें हलकेच टिपली, मध्यें मध्यें कागद घातला आणि डबा देवघराच्या वरच्या फडताळांत ठेविला. “नव्या घरांत हा वरच्या मजल्यावर जाईल,” असें त्यांनीं काकांस बजावलें. पुराची ओळख असलेल्या गांवीं हेंच शहाणपण.

सगळ्या मुक्या चित्रांचें दैव असें बलवत्तर नव्हतें. हिंदुस्थानांत तेराशेंच्या आसपास मूकपट निघाले. आज त्यांपैकीं कांहीं डझनच, आणि तेही बहुतेक तुकड्यातुकड्यांनीं, उरले आहेत. ‘राजा हरिश्चंद्रा’चे सुद्धां सर्व भाग नाहींत. ‘सिंहगड’ आणि ‘सावकारी पाश’चा मूकपट पाहावयास मिळत नाहीं, साताऱ्याच्या त्या मुलास विजेच्या दिव्यांत चढणारे मावळे आतां कोणी दाखवूं शकत नाहीं. त्या काळच्या फिती नायट्रेटच्या असत. त्या सहज पेट घेत, उन्हानें चिकटत, आणि बोलपट आल्यावर त्यांतील चांदी काढण्यासाठीं विकल्याही जात. १९६४ सालीं पुण्यास चित्रपटांचें राष्ट्रीय संग्रहालय स्थापन झालें आणि पी. के. नायर यांनीं उरलेसुरले तुकडे शोधून जमविले. पण तोंवर पुष्कळ गेलें होतें. २००३ च्या जानेवारींत पुण्यांतील आगींत आणखी नायट्रेटच्या फिती जळाल्या. कोणाच्या दुष्टपणानें हें झालें नाहीं. बहुतेक ठिकाणीं झालें तें आमच्या काकांच्या चांगुलपणासारख्याच भावनेनें: मुलांचे हात कापतील, जागा अडते, काय करावयाचें हें ठेवून.

जें उरलें आहे त्यांत फाळक्यांचा ‘कालियामर्दन’ (१९१९) पुष्कळसा शाबूत आहे. त्यांत कृष्णाचें काम फाळक्यांची लहान कन्या मंदाकिनी हिनें केलें. आरंभीं ती नुसती मुलगी म्हणून समोर येते, चेहऱ्यावर एकामागून एक भाव आणून दाखविते, आणि मग पाहतां पाहतां कृष्णाच्या वेषांत जाते. पुढें ती पाण्यांत उडी घेते आणि कालियाशीं झुंजते. घरचीच मुलगी, घरचाच खेळ, आणि तरी देव दिसतो. ज्या घरांत लहान मुलें आहेत त्यांनीं हा चित्रपट एकदां मुलांबरोबर पाहावा, अशी आमची आग्रहाची विनंति आहे. पाहतांना वडीलधाऱ्यांनीं दोन गोष्टी पाळाव्या. एक, मागें दुसरें कसलेंही गाणें लावूं नये. दुसरी, ‘आतां बघ हं, कालिया येईल’ असें म्हणूं नये. पहिलीं दहा मिनिटें मुलें कंटाळतील, चुळबूळ करतील, तेवढें सोसावें. त्यानंतर कोणीतरी एक मूल नागाचा फूत्कार काढील, आणि तेथून पुढें चित्रपट त्यांचा होईल.

आणि आपल्या माळ्यावर, फडताळाच्या मागें, गांवाकडच्या बंद खोलींत असा एखादा डबा असेल तर तो टाकण्यापूर्वीं घरांतील सर्वांत लहान मुलाच्या हातीं एकदां द्यावा. कांचेनें हात कापूं नये म्हणून मोठ्या माणसानें शेजारीं बसावें. तें मूल त्यांत काय पाहतें हें आधीं ऐकावें. डब्याचें काय करावयाचें तें मग ठरवावें.